सावित्रीकाठच्या सीडी : महाड-पोलादपूर परिसरातील एका अल्पायुषी लेखनकलेचा इतिहास

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरच्या डोंगरपायथ्याशी उतरते, पुढे महाडजवळ गांधारीचे पाणी घेते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते; भरतीचे पाणी थेट महाडच्या परिसरापर्यंत चढत असल्यामुळे समुद्रापासून दूर असूनही हे गाव एके काळी बंदर म्हणून नांदले. जलमार्ग मागे पडल्यानंतर मुंबई-गोवा महामार्ग हीच या दोन तालुक्यांची मुख्य वाट झाली. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला चाकरमानी शिमग्याला, गणपतीला आणि लग्नसराईत याच वाटेने गावी परततो. या परिसराचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना गाव आणि मुंबई यांच्यामधली ही ये-जा केंद्रस्थानी ठेवावी लागते, कारण गाणी, चित्रे आणि समारंभांच्या आठवणी नेहमीच तिच्यासोबत प्रवास करत आल्या आहेत. सुमारे इ. स. २००० पासून पुढची पंधराएक वर्षे हा प्रवास बहुतांशी एका चकचकीत तबकडीवरून झाला, आणि ती तबकडी कोणत्याही मोठ्या कारखान्यात नव्हे, तर तालुक्याच्या गावातील साध्या संगणकावर लिहिली जात होती. या लेखनाकडे इतिहासाचे साधन म्हणून अद्याप पुरेसे गांभीर्याने पाहिले गेलेले नाही.

सीडी म्हणजे १२० मिलीमीटर व्यासाची आणि १.२ मिलीमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची चकती. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे मानक ठरवले आणि १९८२ मध्ये ती संगीतासाठी बाजारात आली. कारखान्यात तयार होणाऱ्या सीडीवर सूक्ष्म खड्ड्यांची सर्पिल रेषा साच्याने दाबून उमटवलेली असते. ही रेषा आतून बाहेर जाते आणि सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरते. घरच्या संगणकावर लिहिता येणारी सीडी, म्हणजे सीडी-आर, मुळातच निराळी आहे. तिच्या प्लास्टिकवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्याच्या पाठीशी परावर्तन करणारा धातूचा थर असतो, आणि रायटरमधील, म्हणजे लेखनयंत्रातील, लेसर किरण त्या रंगद्रव्याला जागोजागी तापवून त्याचा गुणधर्म कायमचा बदलतो. वाचताना या तापवलेल्या जागा कमी प्रकाश परतवतात, म्हणून यंत्राला त्या खड्ड्यांसारख्याच भासतात. ही क्रिया उष्णतेने होते, म्हणून तिला इंग्रजीत ‘बर्न’ म्हटले गेले. महाड-पोलादपुरात मात्र लोक ‘सीडी राईट करून द्या’ किंवा ‘सीडी मारून द्या’ असेच म्हणत. जपानच्या तैयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये असा रंगद्रव्याचा थर सिद्ध केला आणि १९९० मध्ये त्याचे मानक प्रसिद्ध झाले. आरंभीची लेखनयंत्रे मोठ्या संस्थांनाच परवडत. १९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एक हजार डॉलरांच्या आतला रायटर आणला, तेव्हा ही कला प्रथमच छोट्या दुकानदाराच्या आवाक्याच्या जवळ आली.

यंत्र स्वस्त झाले तरी ते एकटे काही करू शकत नव्हते. कोणत्या फाइली, कोणत्या क्रमाने, कोणत्या मांडणीत उतरवायच्या, तबकडीच्या आरंभी अनुक्रमणिका कशी लिहायची आणि शेवटी ती ‘बंद’ कशी करायची, म्हणजे पुढे काही जोडता येणार नाही अशी पक्की कशी करायची, हे सारे ठरवणारा सॉफ्टवेअर कार्यक्रम लागे. जर्मनीतील अहेड कंपनीचा ‘नीरो’ या कामासाठी भारतभर सर्वाधिक परिचित झाला, कारण बहुतेक रायटरांच्या खोक्यात त्याची एक मर्यादित आवृत्ती सोबत येत असे. त्याच्या जोडीला ‘ईझी सीडी क्रिएटर’ होता, आणि २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत सीडी लिहिण्याची प्राथमिक सोय अंगभूतच होती. पडद्यावरच्या एका चौकटीत संगणकातील फाइली दिसत, दुसऱ्या चौकटीत त्या ओढून टाकायच्या, खाली भरत जाणारी पट्टी सातशे एमबीच्या लाल रेषेला ओलांडत नाही ना हे पाहायचे आणि लेखनाचा वेग निवडून ‘बर्न’ची कळ दाबायची, असा तो क्रम होता. एकपट वेगाने ७४ मिनिटांची सीडी लिहायला ७४ मिनिटेच लागत. चौपट वेगाने तेच काम सुमारे एकोणीस मिनिटांत होई आणि पुढे आलेल्या ५२ पट वेगाच्या यंत्रांवर तीन मिनिटांच्या आसपास.

या साधनाचे ऐतिहासिक महत्त्व कळण्यासाठी त्याआधीच्या कॅसेटशी त्याची तुलना करावी लागते. १९८० च्या दशकात भारतात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रादेशिक गीते, कीर्तने, भारुडे व भीमगीते यांना ग्रामोफोन कंपन्यांच्या पलीकडची बाजारपेठ मिळाली. तरीही कॅसेटची नक्कल करायला मूळ कॅसेट वाजेल तेवढाच वेळ लागे आणि प्रत्येक नकलेगणिक आवाज घुसमटत जाई, त्यामुळे नकलेची नक्कल करणारा माणूस उत्तरोत्तर दुबळी प्रत पुढे देत असे. सीडीवरचा मजकूर आकड्यांत साठवलेला असतो, म्हणून लेखन नीट झाल्यास दहावी प्रत पहिलीइतकीच शुद्ध निघते. तालुक्याच्या गावातील दुकानदाराच्या हाती इतिहासात प्रथमच असे साधन आले की ज्यात मूळ आणि प्रत यांतला दर्जाचा भेद उरला नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपनीवाचून महाडमध्ये एखाद्या कार्यक्रमाच्या पन्नास निर्दोष प्रती काढता येऊ लागल्या, हा बदल केवळ सोयीचा नव्हता; प्रकाशन म्हणजे काय आणि ते कोणी करायचे, याची व्याख्याच त्याने बदलली.

हा बदल सर्वप्रथम आणि सर्वांत ठळकपणे लग्नात दिसला. तालुक्याच्या प्रत्येक गावाप्रमाणे महाड आणि पोलादपुरातही फोटो स्टुडिओवाले १९९० च्या दशकात लग्नाची शूटिंग करून व्हीएचएस कॅसेट देत असत, पण कॅसेट पाहायला व्हीसीआर लागे आणि तो थोड्याच घरांत होता, त्यामुळे अनेकदा तो भाड्याने आणून सगळी वाडी एकत्र बसून लग्न पाहत असे. १९९३ मध्ये मानक ठरलेल्या व्हीसीडीने, म्हणजे चलचित्र साठवणाऱ्या सीडीने, ही अडचण दूर केली. तिच्यात एमपेग-१ या पद्धतीने दाबून लहान केलेले ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे चित्र असे, जे दर्जाने साधारण व्हीएचएसच्याच तोडीचे होते; मात्र ती वाजवणारे प्लेअर स्वस्त होते आणि लवकरच घरोघरी टीव्हीच्या बाजूला दिसू लागले. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावे, म्हणून तीन तासांचे लग्न तीन सीडींत विभागावे लागे, आणि हळद व साखरपुडा पहिल्या सीडीत, लग्न दुसऱ्या सीडीत, वरात व पाठवणी तिसऱ्या सीडीत अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी रूढ झाली.

या कामाचे परिश्रम आज सहसा ध्यानात येत नाहीत. कॅमेऱ्यातील टेप संगणकाला जोडून चित्रण आत घ्यायचे, मिक्सिंग करायचे, म्हणजे नको ते भाग कापून गाणी, नावे आणि फुलांच्या चौकटी जोडायच्या, मग सारे एमपेगमध्ये बदलायचे. त्या काळच्या पेंटियम संगणकावर हा बदल होण्यास मूळ चित्रणापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागत असल्यामुळे ते काम रात्रभर चालू ठेवण्याची प्रथा होती. त्यानंतर सीडी लिहायची, प्लेअरवर लावून तपासायची आणि दोन्ही घरांसाठी, मामांसाठी आणि मुंबईच्या पाहुण्यांसाठी प्रती काढायच्या. नंतरच्या वर्षांत ४.७ जीबी मजकूर सामावणारी डीव्हीडी आली, चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे झाले, संपूर्ण लग्न एका तबकडीत मावू लागले आणि आरंभी ‘मेनू’ची पाटी ठेवून हळद, लग्न, वरात यांवर थेट जाण्याची सोय करता येऊ लागली. या स्टुडिओंमध्ये काम करणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात शिकलेले नव्हते. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने चालवलेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाची तोंडओळख गावोगाव पोहोचवली, पण रंग, ध्वनी आणि लेखनाचा वेग यांचा मेळ बसवणे हे हातानेच येत गेले. स्थानिक कारागिरीच्या इतिहासात या मंडळींची नोंद सुताराइतक्याच आदराने व्हायला हवी.

लग्नाच्या पलीकडे जे चित्रित झाले ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणारा महाडच्या वीरेश्वराचा छबिना, शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीचे घरोघर फिरणे, खालूबाजाचे वादन, वाडीतला हरिनाम सप्ताह आणि काल्याचे कीर्तन, गणपतीतील जाखडीचा नाच, हे सारे एखाद्या मंडळाने किंवा हौशी चाकरमान्याने शूट करवून सीडीवर उतरवले. या भागातील शक्ती-तुरा हा सवाल-जवाबाचा गायनप्रकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात शक्तीपक्षाचा आणि तुऱ्याचा शाहीर आपापल्या मंडळींसह आमनेसामने उभे राहून अध्यात्म, पुराणकथा आणि चालू विषयांवर पदे रचून एकमेकांना कोड्यात टाकतात. गावच्या जत्रेइतकेच त्याचे सामने मुंबईतही होतात आणि परळचे दामोदर नाट्यगृह हे त्यांचे जुने ठिकाण होते. अशा बारीचे, म्हणजे सामन्याचे, मोठे कौतुक हे की तिथे दिलेले उत्तर त्याच रात्री जन्मते, त्यामुळे लिखित वहीत ते पूर्णपणे कधीच सापडत नाही. कॅसेटच्या काळात त्याचा आवाज तेवढा टिकला. सीडीच्या काळात शाहिराची मुद्रा, नाचणाऱ्यांची पावले आणि प्रेक्षकांचा प्रतिसादही टिकला. मुंबईत झालेली बारी गावी आणि गावची बारी मुंबईत पोहोचवणारी ही सीडी अनेकदा एसटीच्या किंवा खासगी गाडीच्या प्रवाशाच्या पिशवीतून गेली, आणि तिच्या प्रतींचा हिशेब कोणीही ठेवला नाही.

महाडच्या इतिहासात दुसरा एक प्रवाह तितकाच बलवान आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्या दिवसाच्या स्मरणासाठी दरवर्षी राज्यभरातून अनुयायी महाडला येतात. अशा मेळाव्यांच्या ठिकाणी पुस्तके, प्रतिमा आणि गीतांच्या विक्रीची दुकाने लागणे ही आंबेडकरी चळवळीची जुनी रीत असून, वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गायक-कवींची वाणी आधी कॅसेटवरून आणि मग सीडीवरून पसरत गेली. येथे एमपी३ या पद्धतीने मोठा फरक पडला. ध्वनीची फाइल दाबून लहान करणाऱ्या या पद्धतीत मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागत असल्याने, जेथे एका कॅसेटवर दहा-बारा गीते मावत, तेथे एका सीडीवर सुमारे दीडशे गीते बसू लागली. भीमगीतांचा आयुष्यभराचा ठेवा एका तबकडीत हाती येणे ही चळवळीच्या सामान्य कार्यकर्त्यासाठी मोठी गोष्ट होती. तसेच वारकरी घरांत अभंगांचे व कीर्तनांचे संग्रह एकेका सीडीत सामावले. काय निवडायचे आणि कोणत्या क्रमाने लावायचे हे आता कंपनी ठरवत नव्हती, संगणकासमोर बसलेला माणूस ठरवत होता. त्या अर्थाने अशी प्रत्येक संग्रह-सीडी ही एका स्थानिक संपादकाची कृती मानली पाहिजे.

लेखनाच्या वाटेत अडथळे कमी नव्हते. सीडीवर लेसर फिरत असताना संगणकाकडून मजकुराचा पुरवठा क्षणभर जरी खंडला, तरी आरंभीच्या यंत्रांत लेखन अर्धवट थांबे आणि तबकडी कायमची वाया जाई. म्हणून सीडी लिहिली जात असताना संगणकावर दुसरे काहीही उघडायचे नाही असा दुकानांचा कडक नियम असे. २००० मध्ये सान्यो कंपनीने लेखन थांबले त्याच बिंदूपासून पुढे सुरू करण्याचे तंत्र आणले आणि हा धोका बराच कमी झाला. वीज जाण्यावर मात्र त्या तंत्राचा इलाज नव्हता. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन तासन्तास चालत होते, त्यामुळे यूपीएस किंवा इन्व्हर्टरवाचून हा धंदा करणे अशक्य होते आणि मोठी कामे वीज असण्याच्या वेळांभोवती बेतली जात. लिपीची अडचण वेगळीच होती. सीडीवरील फाइलींच्या मांडणीचे जुने मानक केवळ रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि आठ अक्षरांपर्यंतची नावे मान्य करत असे. मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट या विस्तारामुळे लांब आणि देवनागरीतील नावेही शक्य झाली, परंतु त्या काळचे मराठी टंकन बहुतांशी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांवर चालत असल्याने फाइलींची नावे रोमनमध्येच राहिली. परिणामी त्या सीडी आज उघडल्यास छबिना, बारी किंवा कीर्तन कोणते आणि कोणत्या साली झालेले, हे नावांवरून कळतेच असे नाही. ते कळते कव्हरावर किंवा तबकडीच्या पाठीवर मार्कर पेनने लिहिलेल्या ओळीवरून.

याच साधनाने चित्रपटांची चोरटी नक्कलही सोपी केली, हे नाकारता येत नाही. कारखान्यात दाबलेली अस्सल सीडी खालून रुपेरी दिसे, तर लिहिलेली सीडी निळसर-हिरवी आणि डीव्हीडी जांभळट दिसे, आणि गिऱ्हाईक हा फरक ओळखत असे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार अशा नकलेस सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि २००९ मध्ये महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या प्रतिबंधात्मक कायद्यात व्हिडिओ चोरांचाही समावेश केला. बाजाराने दिलेले उत्तर अधिक परिणामकारक ठरले: कोऱ्या सीडींच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या भारताच्या मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये चित्रपटाची अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. न्यायालयांतही सीडीचा प्रश्न गाजला. संगणकावर तयार केलेल्या प्रचारगीतांच्या व भाषणांच्या सीडी पुरावा म्हणून ग्राह्य धरताना तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला.

त्या निर्णयापर्यंत सीडीचे दिवस उतरणीला लागले होते. आधी पेन ड्राइव्ह, मग मोबाइलमधील मेमरी कार्ड आले, आणि दुकानदार सीडी लिहिण्याऐवजी कार्डात गाणी भरून देऊ लागला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्यामधील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह अनेक माणसे नदीत गेली, तेव्हा त्या आपत्तीची दृश्ये वाहिन्यांवरून आणि फोनवरून पसरली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची सेवा सुरू होऊन चलचित्र थेट फोनवर पाहणे सर्वांना परवडू लागले. मोझर बेअर कंपनीच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला.

मागे उरल्या त्या घरोघरच्या कपाटांतील सीडी, आणि त्यांची स्थिती चिंताजनक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सीडी-डीव्हीडीसाठी ४ ते २० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने जड असते. रंगद्रव्य प्रकाशाने व उष्णतेने क्षीण होते, धातूचा थर ओलाव्याने काळवंडतो, आणि वरच्या बाजूस तो केवळ लॅकरच्या पातळ लेपाखाली असल्यामुळे बुरशी किंवा ओरखडा थेट मजकुरावरच पोहोचतो. त्यातच पूर आहेत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. २२ जुलै २०२१ रोजी शहराच्या सखल भागात पहिला मजला बुडेपर्यंत पाणी चढले, त्याच दिवशी तळियेत दरडीने ऐंशीहून अधिक बळी घेतले आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडीवरही दरड आली. ज्या घरांतली माणसेच गेली, त्या घरांतल्या लग्नाच्या आणि पालखीच्या सीडीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. काही कुटुंबांसाठी गेलेल्यांचा चालता-बोलता ठसा केवळ तिच्यातच असू शकतो.

अशा वेळी प्रत दुसरीकडे असणे हेच तारते, आणि याची सर्वांत जवळची साक्ष पोलादपूरचीच आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने संस्कृत ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, परंतु त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना मिळाला तो येथे नव्हे, तर शेकडो कोस दूर तंजावरच्या हस्तलिखितांतून, आणि स. म. दिवेकरांनी तो १९२७ मध्ये प्रकाशित केला. महाडच्या लग्नाची जी प्रत लालबागच्या मामांकडे गेली, बारीची जी सीडी डोंबिवलीच्या मंडळात राहिली, ती पुरापासून वाचलेली असण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून या परिसराच्या दृश्य इतिहासाचा शोध मुंबईतूनच सुरू करावा लागेल.

तो शोध घेताना एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी लागते. साध्या माहितीच्या सीडीवर प्रत्येक तुकड्यासोबत चूक दुरुस्त करणारा जास्तीचा मजकूर असतो, पण व्हीसीडीत अधिक चित्रण मावावे म्हणून चित्राच्या तुकड्यांतील ती जागाही चित्रासाठीच वापरलेली असते. त्यामुळे ओरखडा पडलेल्या व्हीसीडीतील फाइल नेहमीच्या पद्धतीने नकलताना संगणक मध्येच हात टेकतो. अशा तबकडीची तुकड्या-तुकड्याने, वाचता न आलेले भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत, संपूर्ण प्रतिमा काढावी लागते आणि त्यासाठी वेगवेगळ्या बनावटीचे दोन-तीन ड्राइव्ह वापरून पाहणे उपयोगी पडते, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेला तुकडा दुसऱ्याला वाचता येतो. एकाच लग्नाच्या दोन घरांतील प्रतींवर ओरखडे वेगवेगळ्या जागी पडलेले असतील, तर त्या दोन प्रतिमा जुळवून एक निर्दोष प्रत पुन्हा उभी करता येते. नव्या लॅपटॉपांत सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह येत नसल्यामुळे बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह घ्यावा लागतो. तो अजून बाजारात मिळतो आणि तालुक्याच्या गावांतील अनेक स्टुडिओवाल्यांकडे जुने रायटर धूळ खात पडले आहेत.